काल्याच्या कीर्तनात फाटलेली पुडी

मी एक जुना पखवाज आहे. मित्रांनो, दोन तोंडं असूनही मी कधी दुतोंडीपणा केला नाही. उजवं तोंड जे बोलतं, त्याला डावं तोंड नेहमी हुंकार देतं. माझं खोड शिसवीचं. पंचवटीतल्या एका अरुंद बोळात वाल्मीककाकांचं दुकान आहे, तिथे माझा जन्म झाला. काकांनी मला आतून कोरलं, दोन्ही तोंडांना कातड्याच्या पुड्या चढवल्या, वाद्या ताणून घेतल्या, वाद्यांखाली लाकडी गठ्ठे बसवले. उजव्या पुडीवर शाईचा काळा गोल थरावर थर देत घोटला. डाव्या पुडीला मात्र त्यांनी काहीच लावलं नाही.

"तिथं दर खेपेला ताजी कणीक लावायची," ते म्हणाले. "पखवाज म्हणजे घरातलं माणूस. कामाला बसवायच्या आधी त्याला खाऊ घालावं लागतं."

मला विकत घेतलं मोतीरामबाबांनी. मखमलाबादच्या पुढे मळ्यातली एक वस्ती आहे. झेंडू, शेवंती आणि निशिगंध हे तिथल्या लोकांचं पीक, आणि हरिकथा हे तिथल्या लोकांचं वेड. मोतीरामबाबांनी मला बावीस वर्षं वाजवलं. ते देवाघरी गेले आणि मी त्यांच्या मुलाच्या, निवृत्तीच्या मांडीवर आलो. निवृत्तीचा हात बापापेक्षा जड, पण गोड. रोज पहाटे तो फुलांची पोती घेऊन पंचवटीच्या बाजारात जातो, दुपारी शेतात राबतो आणि तिन्हीसांजेला माझ्यापाशी बसतो. त्याची बायको उज्वला पोळ्यांच्या कणकेतून मीठ घालायच्या आधीच एक गोळा माझ्यासाठी बाजूला काढते. या घरात माझा घास घरधन्याच्या आधी निघतो, मित्रांनो. एवढा मान फार थोड्यांच्या नशिबी येतो.

आता निवृत्तीचं दुसरं वेड सांगतो.

बारा वर्षांपूर्वी दसऱ्याला झेंडू दुपारच्या आतच संपला. सोबत सात वर्षांची सृष्टी होती, त्याची एकुलती एक लेक. तिनं एका चित्रपटगृहाबाहेरचं भलंमोठं चित्र पाहिलं आणि तिथेच बसकण मारली. अंगावर काळा झगा घातलेला एक माणूस उन्हात उभा होता आणि त्याच्या पायाशी डोंगराएवढी सावली पडली होती. चित्रपटाचं नाव 'छायावीर'. निवृत्तीनं आयुष्यात देवादिकांचे सोडून दुसरे चित्रपट पाहिले नव्हते. लेकीच्या हट्टापायी तो आत गेला. बाहेर आला तो लेकीपेक्षा जास्त बडबडत.

मला ही सगळी कथा त्याच संध्याकाळी कळली, कारण तो ती उज्वलेला सांगत होता आणि अधूनमधून माझ्यावर थापा मारत होता. या छायावीराची सगळी ताकद म्हणे त्याच्या सावलीत. सावली पसरून तो पूल तोलतो, आग विझवतो, पडणारं विमान झेलतो. पण गंमत अशी की ज्याला वाचवलं त्याच्याकडे त्याच्या सावलीचा एक तुकडा कायमचा राहतो. दर वेळी त्याची सावली थोडी कमी होते. सावली संपली की वीर संपला.

मला नवल वाटलं. मी जन्मभर कथा ऐकत आलो आहे. देतो आणि देताना संपत जातो, अशी माणसं कीर्तनात मी पुष्कळ ऐकली होती. ती आता झगे घालून तिकडेही निघाली की काय?

पुढे दोन-अडीच वर्षांनी नवा भाग येऊ लागला. प्रत्येक भाग बापलेकीनं पहिल्याच दिवशी, शेजारी शेजारी बसून पाहिला. नावांच्या पाट्या संपून पडदा काळा होईपर्यंत दोघं उठायची नाहीत. झाडूवाला दाराशी उभा राहून म्हणायचा, "काका, तुमची माणसं हायेत का यात?" घरी आल्यावर माझ्या तोंडाची वाळलेली कणीक खरवडून सृष्टी तिचा छायावीर करायची. तो बोटभर वीर खिडकीत उभा राहायचा आणि सकाळी चिमण्या त्याला खायच्या.

निवृत्तीची मतंही पक्की झाली. चौथा भाग त्याला मुळीच आवडला नाही. "अर्धं शहर पाडलं नि म्हणे वाचवलं! आपलं पीक कुणी नांगर फिरवून असं वाचवलं तर आपण त्याच्या दारात जाऊन भांडू." तिसऱ्या भागातला दुष्ट मात्र त्याला फार आवडला. "त्याचं निम्मं बोलणं खरं होतं गं सृष्टे. निम्मं खरं बोलणाराच खरा अवघड." एका भागात निरनिराळी चार विश्वं दाखवली, तर हा चिडून म्हणाला, "एका विश्वात शेवंतीचा भाव ठरत नाय, नि हे चार काढून बसलेत." आणि मेलेला माणूस परत आणला की त्याचा संताप व्हायचा. "मग मी रडलो ते काय फुकट?"

गेल्या वर्षी सृष्टी परिचारिकेचं शिक्षण घ्यायला पुण्याला गेली. दर गुरुवारी तिचा फोन यायचा. निवृत्ती फोनचा आवाज मोठा करून तो माझ्या खोडाला टेकवून ठेवायचा, म्हणून त्या दोघांचा एकही शब्द माझ्या कानावेगळा गेला नाही. जेवलीस का, झोपलीस का, हे दोन मिनिटांत आटपायचं. मग छायावीर. सहावा आणि शेवटचा भाग येणार होता. त्याच्याजवळ आता वीतभर सावली उरली होती.

"पप्पा, तो जगणार. आई शप्पत."

"कसा जगंल? वीतभर सावलीत मांजर नाय मावायचं."

"मग तो मरावा असं वाटतंय का तुम्हाला?"

निवृत्तीनं फोन माझ्या खोडाला नीट टेकवला. मग म्हणाला, "मरू नये असं वाटतंय. पण जगला तर खोटं वाटू नये, असंबी वाटतंय."

मी या बोलण्यावर कितीतरी दिवस विचार केला. पण एक कोडं मला सुटत नव्हतं. चित्रपट शुक्रवारी लागणार होता आणि त्याच आठवड्यात वस्तीवर हरिनाम सप्ताह होता. पहाटेचा बाजार सोडला तर सात दिवस निवृत्तीला माझ्यापासून हलता येत नव्हतं. सृष्टीची परीक्षा शनिवारी संपत होती. रविवारी सकाळी काल्याचं कीर्तन झालं की सप्ताह संपणार, आणि दुपारचा खेळ दोघांनी मिळून बघायचा, असं ठरलं. तोवर शेवट कानावर पडू द्यायचा नाही, अशी दोघांनी देवाशपथ घेतली. हेच मला कळेना. शेवट कळला तर बिघडतं काय? खांब फोडून देव येणार हे आमच्या वस्तीवर पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. तरी महाराज त्या खांबापाशी आले की सगळा मांडव श्वास रोखतो, आणि माझी पुडीसुद्धा शहारते. मग या छायावीराच्या शेवटात असं काय नाजूक होतं?

शुक्रवार उजाडला. निवृत्तीनं मोबाइल उज्वलेच्या डब्यांमागे ठेवून दिला आणि कानात कापूस घालून बाजारात गेला. तिथं चंदर नावाचा फुलांचा व्यापारी आहे, एक नंबरचा खोडकर. दुसऱ्या पहाटे पोतं उतरवताना तो म्हणाला, "निवृत्तीभाऊ, सांगू का? एकच शब्द हाय. मेला नायतर जगला."

"चंदर, तुला निशिगंध हवाय का नको?"

"हवाय की."

"मग तोंड मीट."

"काय माणूस हाय! बायकोनं दडवलेलं शोधून काढतो, नि हे हातावर देतोय तर घेत नाय!"

शनिवारी रंगनाथ महाराज आले. काल्याचं कीर्तन त्यांचं होतं. निफाडकडचे सत्तरीचे महाराज, आवाज अजून खणखणीत. मोटार चालवायला नातू होता, स्वराज. उज्वलेनं महाराजांना जेवायला वाढलं, तेव्हा ते सहज म्हणाले, "वहिनी, आमचे पखवाजबुवा सात दिवस एका जागी बसतात. त्यांची काही हौस असेल की नाही?"

उज्वला हसून म्हणाली, "हौस? त्यांना देवाखालोखाल तो सावलीवालाच. पण सप्ता मोडून गेले नाहीत बघायला."

महाराजांना गहिवरून आलं. सिनेमाची एवढी ओढ असून हा माणूस हरिकथेपाशी बसून राहिला! त्यांनी मनात काहीतरी ठरवलं. पडवीच्या खुंटीवरून मला एवढंच ऐकू आलं, की ते अंगणात नातवाला हळूच विचारत होते, "स्वराज, तू बघितलास ना रे तो सिनेमा? सगळा सांग मला. अगदी शेवटपर्यंत."

मित्रांनो, निवृत्तीला तेव्हाच हाक मारायला हवी होती. पण पखवाजाला कुणी हात लावल्याशिवाय बोलता येत नाही.

रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं सृष्टी आली. बॅग घरी टाकून ती थेट मांडवात आली आणि आईशेजारी बायकांत बसली. निवृत्तीनं माझ्या डाव्या तोंडाला कणीक लावली, हातोडीनं गठ्ठे ठोकून मला सुरात आणलं. महाराजांचा सूर उंच, त्यामुळे मला फार ताणावं लागलं. उजवी पुडी कडेनं विरली होती. त्यानं तिच्यावरून बोट फिरवलं आणि पुटपुटला, "आजचा दिवस काढ बाबा. उद्या नेतो तुला काकांकडं."

कीर्तन रंगलं. देवानं आपली शिदोरी सवंगड्यांच्या शिदोरीत कालवली आणि सगळ्यांना वाटली, इथपर्यंत महाराज आले. मग थांबले. निवृत्तीकडे पाहून प्रेमानं हसले.

"मंडळी, आपल्याजवळचं वाटून टाकणं म्हणजे काय, याचा आज एक नवा दृष्टांत देतो. परवाच एक चित्रपट आलाय. त्यात एक वीर आहे, आणि त्याची ताकद त्याच्या सावलीत आहे..."

निवृत्तीचा हात माझ्यावरच गोठला. बायकांत सृष्टीनं दोन्ही हातांनी कान झाकले. पण मांडवाच्या चारही खांबांना कर्णे बांधले होते. त्या आवाजापुढे तळहातांचं काय चालणार?

"तर शेवटी त्याच्याजवळ वीतभर सावली उरली. समोर धरण फुटलंय, खाली गाव झोपलंय. आता तो वीर काय करतो..."

धा!

कीर्तनात पखवाजानं आपणहून सुरू व्हायचं नसतं. महाराजांनी खूण केली की वाजायचं, ही रीत. पण माझा ठेका पडला की टाळकऱ्यांचे हात विचार करत नाहीत. वीस टाळ एकदम खणाणले. विठ्ठलनामाचा गजर सुरू झाला. महाराज क्षणभर चकित झाले, मग खूश होऊन स्वतःही गाऊ लागले.

गजर ओसरला. महाराजांनी घाम पुसला. "वा! तर मंडळी, त्या वीरानं धरणाकडे पाहिलं आणि..."

धा! पुन्हा टाळ, पुन्हा गजर. या खेपेला माणसं उठून नाचू लागली. म्हातारी कुसाबाई पदर खोचून फुगडीला उभी राहिली. तिसऱ्यांदा महाराजांनी हात वर करून थांबायची खूण केली. निवृत्तीनं डोळे घट्ट मिटले होते. तो दोन्ही हातांनी माझ्यावर तुटून पडला. बारा वर्षं जपलेली एक गोष्ट तो माझ्या आवाजाआड लपवत होता. मला जेवढं ओरडता येत होतं तेवढं मी ओरडलो.

आणि फाटकन आवाज झाला. माझी उजवी पुडी कडेपासून शाईपर्यंत फाटली.

टाळ थांबले. कुसाबाई लगबगीनं पुढे आली आणि निवृत्तीच्या पायांवर डोकं ठेवू लागली. "काय ही भक्ती रं लेकरा! नाम घेता घेता पुडी फुटली!" चारदोन माणसांनी डोळे पुसले. महाराजांनीही आपल्या गळ्यातला हार काढून निवृत्तीच्या गळ्यात घातला. "मंडळी, असा पखवाजी दुर्मीळ. याच्याच आवडीचा दृष्टांत आहे, तो आता पूर्ण करतो. पुडी फाटली म्हणून गोष्ट अडत नाही. तर तो वीर..."

आता लपायला आवाज उरला नव्हता. गळ्यात हार होता आणि वस्ती पाया पडत होती. गप्प बसला असता तर जन्मभर मान मिळाला असता. पण निवृत्ती हार काढून उभा राहिला.

"महाराज, शेवट सांगू नका." त्यानं हार महाराजांपुढे धरला. "मी भक्तीनं नाय वाजवलं. तुमचं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून वाजवलं. कुसामावशी, पाया नका पडू, मला पाप लागंल. आज दुपारी मी नि पोरगी जाणार होतो. तीन दिवस कान झाकून काढलेत आम्ही."

आधी कुणाला काही कळेना. मग कळलं आणि मागून कुणीतरी खो खो हसलं. तो चंदर होता, प्रसादाला आला होता. पण पुढचे म्हातारे हसले नाहीत. एकानं काठी आपटली. "हरिकथा बंद पाडली? सिनेमापायी?"

निवृत्तीची मान खाली गेली. महाराज मात्र रागावले नाहीत. त्यांना खरोखरच कुतूहल वाटलं. अगदी माझंच कोडं त्यांनी विचारलं. "निवृत्ती, एक सांग बाबा. आमच्या सगळ्या कथांचे शेवट तुम्हाला पाठ आहेत. तरी तुम्ही दर वर्षी ऐकता, दर वर्षी रडता. मग याचाच शेवट कळला तर काय बिघडतं?"

निवृत्तीनं मान वर केली. तेवढ्यात बायकांतून सृष्टी उभी राहिली.

"महाराज, मी बोलू का?"

"बोल, माउली."

"खांबातून देव येतो, हे मला आजोबांनी मांडीवर घेऊन सांगितलं. तेव्हा मी चार वर्षांची होते. देव येईल का नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी एवढी घाबरले होते की आजोबांची बंडी धरून ठेवली होती. त्या दिवसाच्या जोरावर मी पुढं शंभर वेळा ती कथा ऐकली. पहिली वेळ सगळ्यांना एकदाच मिळते ना, महाराज? ह्या गोष्टीची आमची पहिली वेळ अजून राहिलीय. ती तेवढी राहू द्या."

मित्रांनो, मी फाटलेला होतो, तरी आतून भरून आलो. मोतीरामबाबांची ती बंडी मला आठवत होती. त्या रात्री मीही त्यांच्या शेजारीच होतो.

महाराजांनी दोन्ही कान धरले. "चुकलो, माउली. तुझ्या बापाला आनंद द्यायला गेलो आणि त्याच्या हातचा घासच काढून घेत होतो. हा दृष्टांत आज इथेच, धरणाच्या भिंतीपाशी थांबला."

काठी आपटणाऱ्या म्हाताऱ्यानं घसा खाकरला. "थांबला म्हंजे? मग गावाचं काय झालं?"

"तेच म्हणते मी," कुसाबाई म्हणाली. "अहो महाराज, मेला का जगला तो? अर्ध्यात सोडता व्हय?"

आता सगळा मांडव हसला. महाराजांनी ओठांवर बोट ठेवलं. काल्याची दहीहंडी माझ्याविना फुटली. ठेका धरला तो दोनशे माणसांच्या टाळ्यांनी. मी फाटक्या तोंडानं तो ऐकत होतो. इतका भरघोस ठेका मला बरा असतानाही जमला नव्हता.

दुपारी बापलेक गंगापूर रोडच्या चित्रपटगृहात गेली. संध्याकाळी परतली तेव्हा दोघांचेही डोळे लाल होते. पण वीर मेला तरी बघणाऱ्याचे डोळे लाल होतात आणि जगला तरी, त्यामुळे त्यावरून मला काहीच कळलं नाही. ओट्यावर कुसाबाईसकट सात-आठ माणसं वाट बघत बसली होती. सृष्टी म्हणाली, "आजी, सांगणार नाही. उद्या तुम्हाला घेऊन जाते." आणि खरंच, सोमवारी फुलांच्या टेंपोत बसून निम्मी वस्ती चित्रपट बघायला गेली. काठी आपटणारा म्हाताराही गेला. आल्यावर तो दोन दिवस काठीनं मातीत रेघा ओढत बसला. मग एकदा आपल्याशीच म्हणाला, "बरोबर केलं त्यानं." काय केलं, ते बोलला नाही.

सोमवारीच मलाही वाल्मीककाकांकडे नेलं. त्यांचे हात आता कापतात, पण शाई अजून तेच घोटतात. फाटलेली पुडी हातात घेऊन ते म्हणाले, "काय रे, एवढं काय वाजवलंस?" निवृत्ती म्हणाला, "काका, तुम्ही छायावीर बघितलाय का? नाय? मग आज नको, नंतर सांगतो."

नवी पुडी चढून मी घरी आलो. गुरुवारी पुण्याहून फोन आला. निवृत्तीनं नेहमीसारखा तो माझ्या खोडाला टेकवला. मी कान टवकारले. आता सगळं कळणार!

"पप्पा, तो शेवटचा प्रसंग आठवला की मला अजून..."

"सृष्टे, थांब," निवृत्ती म्हणाला. त्यानं फोन उचलला आणि अंगणात जाता जाता आवाज खाली केला. "पखवाजापुढं नको बोलू. आपल्यापायी तोंड फाटलं त्याचं. त्यानं अजून बघितला नाय."

त्या घरात तो नियमच झाला आहे. माझ्यापुढे तो विषय कुणी काढत नाही. उज्वला कणीक लावताना काढत नाही, चंदर आला तर त्यालाही गप्प करतात. पहिल्यांदा मला थोडा राग आला. आता मात्र रोज संध्याकाळी मी त्या धरणापाशी जाऊन उभा राहतो. पाणी थबकलेलं आहे, गाव झोपलेलं आहे, आणि वीतभर सावली घेऊन एक माणूस विचार करतो आहे. कधी मला वाटतं तो जाईल. कधी वाटतं त्यानं आजवर वाचवलेली माणसं धावत येतील आणि आपापला तुकडा परत आणून देतील. वस्तीवर सगळ्यांची पहिली वेळ होऊन गेली, माझी अजून शिल्लक आहे.

तेव्हा मित्रांनो, वाद्याच्या वाद्या सैल करून ठेवा, पावसाळ्यात त्याला ओलीपासून जपा, त्याचा घास चुकवू नका, हे तर तुम्ही करालच. पण तुमच्यापैकी कुणी तो चित्रपट पाहिला असेल, तर एवढी कृपा करा. माझ्याजवळ या, माझ्यावर हवी तेवढी थाप मारा, पण शेवट सांगू नका.